वार खाली आहे

सोनोग्राफीच्या रिपोर्टात बाळाच्या डोक्याचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, हृदयाचे ठोके असे आकडे येऊन गेले की खाली एक ओळ असते : ‘प्लासेंटा पोस्टिरिअर, लो-लाइंग, लोअर एज 1.4 सेंमी फ्रॉम इंटर्नल ऑस.’ मंचरला किंवा नारायणगावला पाचव्या महिन्याची तपासणी करून बाई घराकडे निघते तेव्हा त्या ओळीतलं तिच्या हाती एवढंच उरलेलं असतं, की वार खाली आहे. संध्याकाळपर्यंत ते घरात सगळ्यांना कळतं. आत्याबाई म्हणतात, “आता हंडा उचलायचा नाही.” शेजारची सांगून जाते की तिच्या जावेचंही असंच होतं आणि शेवटी सिझर झालं. काही घरांत त्याच रात्री बाईला खाटेवर झोपवतात आणि दिवस भरेपर्यंत उठू देत नाहीत. काही घरांत कागद कपाटात जातो आणि बाई दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या तोडणीला. रिपोर्टाने यातलं काहीच सांगितलेलं नसतं. आठवा महिना लागला की पुन्हा बघा, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या दुसऱ्यांदा बघण्याला फार किंमत आहे, आणि त्याहून जास्त किंमत आहे शेवटचे दोन महिने राहायचं कुठे या प्रश्नाला. तिथवर जाण्याआधी त्या 1.4 चा अर्थ लावून घेऊ.

वार म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू पोचवणारा अवयव. पूर्ण दिवसांची वार अर्धा किलोच्या आसपास भरते, वीतभर रुंद असते. ती गर्भपिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. पुढे, मागे, वर, बाजूला, कुठेही. बहुतेकींची वरच्या भागात असते. काहींची खाली, पिशवीच्या तोंडाजवळ रुजते. सोळा आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीत वारेची कड पिशवीच्या आतल्या तोंडापासून (रिपोर्टातला ‘इंटर्नल ऑस’) 2 सेंटिमीटरच्या आत असेल तर तिला ‘लो-लाइंग’ म्हणतात. वार तोंडावरच आलेली असेल, ते झाकत असेल, तर तिला ‘प्लासेंटा प्रीव्हिया’ म्हणतात. पूर्वी प्रीव्हियाचे चार प्रकार शिकवत आणि जुन्या रिपोर्टांत ‘ग्रेड टू’, ‘मार्जिनल’ असे शब्द दिसतात. आता सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमधलं अंतर लिहिणं अधिक योग्य मानतात. तुमच्या रिपोर्टात नुसतं ‘लो-लाइंग’ लिहिलं असेल आणि आकडा नसेल, तर तो मागून घ्यावा. पुढच्या सगळ्या निर्णयांना तो लागतो.

पाचव्या महिन्यात वार खाली दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यातल्या दहापैकी साधारण नऊ जणींची वार दिवस भरत येईपर्यंत वर गेलेली असते, आणि बाळंतपणाच्या वेळी वार खरोखर तोंडावर असणाऱ्या बायका दोनशेत एखादीच. वार ‘सरकली’ असं सगळेच म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. ती एका जागेवरून सुटून दुसरीकडे चिकटत नाही. न फुगवलेल्या फुग्याच्या तोंडाजवळ एक टिकली लावा आणि फुगा फुगवा. टिकली जिथल्या तिथे असते, पण तोंडापासून लांब गेलेली दिसते. गर्भपिशवीचा खालचा भाग शेवटच्या तीन महिन्यांत ताणला जाऊन लांबतो, त्यामुळे हे अंतर पडतं. शिवाय वारेची जी बाजू वर, चांगल्या रक्तपुरवठ्याकडे असते ती वाढत राहते आणि तोंडाजवळची बाजू हळूहळू विरत जाते.

सगळ्यांच्या वाट्याला हे सारखं येत नाही. पाचव्या महिन्यात कड तोंडाच्या अलीकडे 1.4 वर असेल तर ती वर जाण्याची शक्यता खूपच मोठी. वार तोंड ओलांडून दोन-अडीच सेंटिमीटर पलीकडे पसरली असेल तर ती तेवढी वर जाईलच असं धरून चालता येत नाही. आणि आधीचं बाळंतपण सिझरचं असेल तर हिशेब वेगळा; त्याकडे थोड्या वेळाने येतो.

दुसरी सोनोग्राफी साधारण 32 व्या आठवड्यात करायची. ती आतून करावी लागेल असं डॉक्टर म्हणाले की अनेक घरांत विरोध होतो. आधीच वार खाली, त्यात आतून यंत्र घातलं तर रक्त सुटेल, ही भीती अगदी समजण्यासारखी आहे. पण आतून करायच्या सोनोग्राफीची नळी पिशवीच्या तोंडात जात नाही, ती अलीकडेच थांबते आणि कोनातून बघते. वार खाली असलेल्या बायकांत ही तपासणी सुरक्षित ठरलेली आहे आणि पोटावरून केलेल्या तपासणीपेक्षा ती जास्त अचूक असते. पोटावरून बघताना लघवीची पिशवी तुडुंब भरलेली असली तर तिच्या दाबाने खालचा भाग चेपला जातो आणि वर असलेली वारही खाली दिसते. बाळाचं डोकं मध्ये आलं तर मागच्या वारेची कड दिसतच नाही. आतून बघितल्यावर ‘वार खाली’चा शिक्का पुसला गेला असंही होतं. घाबरायला हवं ते बोटांनी केलेल्या आतल्या तपासणीला. वार कुठे आहे हे कळल्याखेरीज रक्तस्राव होत असलेल्या गरोदर बाईची अशी तपासणी कुणीही करू नये, सुईणीने नाही, नर्सने नाही, डॉक्टरनेही नाही. बोट लागून वार सुटली तर त्या क्षणी हाताशी रक्त आणि ऑपरेशन थिएटर असावं लागतं.

वारेची जागा बघून मुलगा की मुलगी सांगणारे लोक आपल्याकडे आहेत. पुढे असली तर हे, उजवीकडे असली तर ते. याला काहीही आधार नाही. सोनोग्राफीच्या आधी भरून घेतात तो एफ फॉर्म गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. वारेची ओळ वाचताना या गोष्टीवर अर्धा मिनिटही घालवू नये.

आता रक्तस्रावाचं. खाली असलेली वार बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात, खालचा भाग ताणला जाऊ लागला की, कडेला थोडी सुटते आणि अंगावरून लालभडक रक्त जातं. पोटात दुखत नाही. नेमकं यामुळेच घरचे गाफील राहतात. कळा नाहीत, दुखत नाही, बाळ फिरतंय, मग सकाळी बघू. पहिला रक्तस्राव पुष्कळदा थोडा असतो आणि आपोआप थांबतोही. दुसरा किती असेल हे कुणालाच सांगता येत नाही. दिवस भरत आलेल्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं, आणि बाईच्या अंगात एकूण रक्त असतं चार-पाच लिटर. एवढा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला तर ‘सकाळी बघू’ म्हणणं जमणार नाही. रक्त थांबलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रक्तगट आर-एच निगेटिव्ह असेल तर ते तिथे आठवणीने सांगायचं, कारण अशा रक्तस्रावानंतर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

सोनोग्राफी नव्हती तेव्हा वार खाली असल्याचं कळायचं ते रक्त गेल्यावरच. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी गर्भवतीच्या पोटाचं ध्वनिलहरींनी काढलेलं चित्र 1958 मध्ये प्रसिद्ध केलं, त्यानंतर हे बदलत गेलं. त्याआधीची रीत अशी, की रक्तस्राव झाला की आईला वाचवण्यासाठी बाळंतपण लगेच उरकायचं, मग बाळ कितीही अपुऱ्या दिवसांचं असो. त्यात बाळं जात. बेलफास्टच्या चार्ल्स मॅकॅफी यांनी 1945 मध्ये वेगळं सांगितलं. आई ठीक असेल तर घाई करू नका, आतून तपासू नका, बाळाला वाढू द्या, सदतीस आठवड्यांच्या आसपासपर्यंत थांबा. आज आपल्याकडच्या बाईला मिळणारा ‘थांबा, बघू’ हा सल्ला या विचारावर उभा आहे. पण मॅकॅफींच्या थांबण्याला एक अट होती. बाईने थांबायचं ते रुग्णालयात, रक्ताची सोय आणि सिझर करणारे हात जवळ असताना. आपल्याकडे सल्ला पोचतो आणि अट वाटेत गळून पडते, असं मला या सगळ्या प्रश्नाकडे बघताना फार तीव्रतेने वाटतं.

मंचर गावात राहणारी बाई आणि आहुप्यात राहणारी बाई, दोघींच्या रिपोर्टात 1.4 असेल. पहिलीला पुणे-नाशिक रस्त्यावरचं उपजिल्हा रुग्णालय रिक्षाने गाठता येतं. आहुपं कोकणकड्यावर. तिथून तिरपाड, मग डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे मंचर, आणि तिथेही भागलं नाही तर साठ-एक किलोमीटरवर पुणे. वाटेत चाकणची कोंडी. जुन्नरच्या पश्चिमेला हातवीज, अंजनावळे, घाटघर या गावांचं जुन्नर-नारायणगावशी असलेलं नातं असंच घाटवाटेचं. पावसाळ्यात धुक्याने समोरचं दिसत नाही, ओढ्यांना पूर येतो, दरडी येतात. 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलेलं माळीण आंबेगावच्या याच डोंगराळ भागातलं. मोबाइलची रेंज कुठे येते आणि कुठे जाते हे तिथल्या माणसांना पाठ असतं. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 च्या जानेवारीत सुरू झाली आणि तिने कितीतरी जीव वाचवले, पण तिलाही याच रस्त्याने वर यावं लागतं आणि याच रस्त्याने खाली जावं लागतं.

त्यात आपली रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरतात, भाऊ न्यायला येतो. मुलगी दिली असेल घोडेगावला किंवा नारायणगावला आणि माहेर असेल कोंढवळला किंवा इंगळूनला, तर नेमक्या ज्या आठवड्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो त्याच आठवड्यांत ती दवाखान्यापासून दूर जाते. आईजवळ राहावंसं वाटणं यात काही गैर नाही. बाळंतिणीला आईसारखा आधार दुसऱ्या कुणाचा नसतो. मग आईनेच खाली यावं. डोहाळजेवण माहेरी करावं आणि परत यावं. किंवा मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव, ओतूर इथे जो कुणी मामा, मावशी, आत्या असेल त्यांच्याकडे चौतिसाव्या आठवड्यापासून बाईने मुक्काम ठेवावा, आधी रक्त गेलं असेल तर त्याहूनही लवकर. पश्चिम भागातल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी खाली बाजाराच्या गावात असतं. मुलं शाळा-कॉलेजला तिथेच राहतात. मुलाच्या दहावीसाठी जशी खोली बघतात तशी या आठवड्यांसाठी बघायला काय हरकत आहे? आशाताईंना हे बोलणं काढता येतं आणि अनेकजणी ते काढतातही, पण निर्णय घरातली मोठी माणसं घेतात. म्हणून ही गोष्ट सासू-सासऱ्यांपर्यंत आणि आई-वडिलांपर्यंत दोन्हीकडे पोचायला हवी.

राहायचं गाव ठरवताना जवळचा दवाखाना पुरेसा नाही. तिथे सिझर होतं का, भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्री येतात का, आपल्या गटाचं रक्त तिथे साठवलेलं असतं का की पुण्याहून आणावं लागतं, हे आधी विचारून ठेवायचं. असं विचारलं तर डॉक्टरांना राग येईल असं पुष्कळांना वाटतं. चांगल्या डॉक्टरला बरंच वाटतं, कारण त्यालाही आदल्या दिवशी तयारी करता येते. घरातल्या दोघा-तिघांनी आपला रक्तगट तपासून ठेवावा. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत तज्ज्ञांकडून तपासणी होते. तिथे वारेचा रिपोर्ट दाखवला की माता-बाल संरक्षण कार्डावर जोखमीच्या बाळंतपणाची लाल खूण करून घेता येते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं सिझर, रक्त, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी 2011 पासून मोफत आहे. पैसे गोळा होईपर्यंत थांबण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

बाईच्या अंगातलं रक्त हाही तयारीचाच भाग. हिमोग्लोबिन 11 असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसते तेवढाच 7 असलेलीला घेऊन जाऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, शी काळी होते, म्हणून त्या डब्यातच राहतात. वार खाली असलेल्या बाईने त्या सोडूच नयेत. सोसत नसतील तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्याव्यात किंवा शिरेतून लोह घ्यावं. आदिवासी गावांतल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला रोजचं एक पूर्ण जेवण मिळतं, तेही तिने घ्यावं, घरच्या सगळ्यांत वाटून टाकण्यासाठी घरी आणू नये.

कामाचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. पूर्ण खाटेवर पडून राहिल्याने वार वर जाते किंवा रक्तस्राव टळतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट महिनोन् महिने पडून राहण्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, अंगातली ताकद जाते. उठावं, हिंडावं, स्वयंपाक करावा, हलकं घरकाम करावं. पण या दोन तालुक्यांत बाईच्या ‘नेहमीच्या कामा’त काय काय येतं ते शहरातल्या डॉक्टरला ठाऊक असेलच असं नाही. आषाढात भाताची आवणी असते. गुडघाभर चिखलात दिवसभर कंबरेत वाकून. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला रानात जायचं आणि डोक्यावर भरलेली पाटी घेऊन उतरायचं. टोमॅटोचे क्रेट उचलायचे, विहिरीवरून हंडे आणायचे. हे काम वारेला काय करतं यावर नेमका अभ्यास नसला, तरी अठ्ठावीस आठवड्यांनंतरही वार खाली असलेल्या बाईला यातून मोकळं करावं असं माझं ठाम मत आहे. रक्त गेलंच तर ते घराजवळ जावं, तीन शेतं पलीकडच्या खाचरात जाऊ नये. रक्तस्राव झाला असेल किंवा वार तोंडावर असेल तर शरीरसंबंध टाळायला सांगतात. ही सूचना नवऱ्याला डॉक्टरांनी समोर बसवून द्यावी. बाईने घरी जाऊन सांगितली तर ती पाळली जाईलच असं नाही.

दिवाळीच्या सुमारास पारगावच्या भीमाशंकर कारखान्यावर आणि जुन्नरच्या विघ्नहरवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मराठवाड्यातून, अहिल्यानगर जिल्ह्यातून. कोपीत राहणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या या बायकांतही पोटुशी असतात. गावाकडे पाचव्या महिन्यात केलेला रिपोर्ट तिकडेच पेटीत राहतो, आणि 32 व्या आठवड्यात ती असते ती तिला नवख्या असलेल्या तालुक्यात, जिथल्या आशाताईंच्या यादीत तिचं नाव नसतं. तिच्याबाबतीत एवढं तरी व्हावं, की मोबाइलमध्ये रिपोर्टाचा फोटो असावा आणि टोळी आली की मुकादमाने टोळीतल्या गरोदर बायकांची माहिती जवळच्या उपकेंद्रात द्यावी.

आणि आता सिझरचं. आधी सिझर झालं असेल आणि या खेपेला वार खाली, त्यातही पुढच्या भिंतीवर असेल, तर ती जुन्या टाक्यांच्या व्रणावर रुजलेली असू शकते. व्रणावर गर्भपिशवीचं अस्तर पातळ असतं, म्हणून वार आत खोल शिरते, कधी स्नायूत, कधी पार लघवीच्या पिशवीपर्यंत. बाळ झाल्यावर ती सुटत नाही आणि सोडवायला गेलं तर रक्ताचा लोट येतो. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार तोंडावर असताना आधीचं एक सिझर असेल तर साधारण दहात एकीला आणि दोन असतील तर दहात चौघींना हे झालेलं दिसलं. अशा बाईचं बाळंतपण तालुक्याच्या गावी करण्याचा विचारही नको. तिची सोनोग्राफी ही गोष्ट शोधण्यात मुरलेल्या तज्ज्ञाकडून व्हायला हवी, आणि बाळंतपण पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात, जिथे रक्तपेढी, अनुभवी शस्त्रक्रिया तज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एका छताखाली आहेत. गर्भपिशवी काढावी लागू शकते हे तिला आणि नवऱ्याला आधी सांगितलेलं असावं. मुहूर्तासाठी किंवा कळांच्या भीतीने, गरज नसताना पहिलं सिझर मागणाऱ्या घरांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. पहिल्या सिझरची किंमत पुष्कळदा तिसऱ्या बाळंतपणात मोजावी लागते.

32 व्या आठवड्यात कड 2 सेंटिमीटरच्या पलीकडे गेलेली दिसली तर प्रश्न मिटला, बाळंतपण नेहमीसारखं. अजून खाली असेल तर 36 व्या आठवड्यात पुन्हा बघायचं. त्या वेळी वार तोंडावर असेल तर सिझर, आणि ते कळांची वाट न बघता, तारीख ठरवून, साधारण 36 ते 37 आठवड्यांच्या दरम्यान. रक्त जास्त जात असेल तर त्याआधीही. तेव्हा बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात. कड 1 सेंटिमीटरच्या आत असेल तरी बहुधा सिझरच. 1 ते 2 च्या मधली बाई सुखरूप नैसर्गिक बाळंत होऊ शकते, मात्र रक्त आणि थिएटर जवळ असलेल्या ठिकाणीच, आणि तिथे डॉक्टरांचा आणि तिचा मिळून निर्णय व्हावा.

बाळ झाल्यावरही काही तास सावध राहावं लागतं. वार सुटल्यावर गर्भपिशवीचे स्नायू आवळले जातात आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. खालच्या भागात हे स्नायू कमी असल्याने तिथून रक्त जास्त वेळ वाहू शकतं. म्हणून नैसर्गिक बाळंतपण झालं तरी अशा बाईला लगेच घरी नेण्याची घाई करू नये. आणि डिस्चार्जच्या कागदावर वार कुठे होती ते लिहून घ्यावं. एकदा वार तोंडावर असली की पुढच्या खेपेला तसं होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते, आणि पुढच्या वेळी दिवस गेले की पहिल्याच तपासणीला तो कागद दाखवायचा असतो.